चुन्याच्या निवळीपासून पेव्हर ब्लॉकपर्यंत

(मुंबईतल्या एका व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं हे संपादित शब्दांकन आहे. श्रोत्यांचे काही प्रश्न शेवटी घेतले आहेत.)

नमस्कार मंडळी.

शाळेतला एक प्रयोग तुम्हा सगळ्यांना आठवत असेल. परीक्षानळीत चुन्याची निवळी घ्यायची, काचेच्या नळीने तिच्यात फुंकायचं आणि निवळी दुधाळ होताना पाहायचं. उत्तरपत्रिकेत आपण लिहायचो की उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड असतो. तिथेच विषय संपायचा. मला मात्र त्या दुधाळपणाबद्दल बोलायचं आहे. निवळीत जे पांढरं तरंगतं ते कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडी. आपल्या श्वासातल्या वायूचा तिथे दगड झालेला असतो. त्याला भट्टी लागत नाही, दाब लागत नाही. उलट ही क्रिया होताना थोडी उष्णताच बाहेर पडते. हाच प्रकार ताज्या काँक्रीटमध्ये मुद्दाम घडवून आणला तर काय होतं, हा आजचा विषय आहे.

आपल्या जुन्या बांधकामांत हे आपोआप घडत आलेलं आहे. वाडे, किल्ले, कोकणातली देवळं, फोर्टमधल्या दगडी इमारती, या सगळ्यांचे सांधे चुन्याचे आहेत. चुनखडी, किंवा किनाऱ्यालगत शिंपले, भट्टीत भाजायचे. त्याची चुनकळी व्हायची. ती पाण्यात विरवायची आणि मग वाळूबरोबर घाण्यात मळायची. गोल चरातून दगडी चाक फिरायचं, ते ओढायला बैल असायचे. हा चुना भिंतीत गेला की हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत पुन्हा चुनखडी व्हायला लागतो. भट्टीत दगडातून जो वायू निघून गेला, तो भिंत हळूहळू परत घेते. हळूहळू हा शब्द इथे शब्दशः घ्या, कारण हवेत हा वायू फार विरळ आहे. आज दहा हजार भागांत चार-सव्वाचार भाग. जाड भिंतीच्या पोटापर्यंत तो पोचायला पिढ्या जातात.

१८२४ साली इंग्लंडमधल्या लीड्सच्या जोसेफ अ‍ॅस्पडिन या गवंड्याने पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं आणि पुढे शतकभरात चुन्याचं राज्य संपलं. सिमेंटच्या हिंदुस्थानातल्या इतिहासात मुंबईला मोठं स्थान आहे. १९३६ साली अनेक सिमेंट कंपन्या एकत्र येऊन एसीसी (असोसिएटेड सिमेंट कंपनीज) झाली, ती इथेच. एफ. ई. दिनशॉ यांनी ते जुळवून आणलं, पण कंपनी प्रत्यक्षात उभी राहिलेली पाहायला ते हयात नव्हते. त्याच दशकात मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारती उभ्या राहत होत्या. २०१८ साली युनेस्कोने ज्यांना जागतिक वारसा म्हटलं, त्यांचे ते गोलाकार सज्जे सिमेंट-काँक्रीटमुळेच शक्य झाले.

आता सिमेंट करताना काय होतं ते पाहू, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर आहे. चुनखडी आणि चिकणमातीसारखे पदार्थ दळून एका लांब, फिरत्या भट्टीत सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. १०० किलो शुद्ध चुनखडी तापवली की ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड धुराड्यातून जातो. भट्टीतून निघणाऱ्या काळपट गोळ्यांना क्लिंकर म्हणतात. त्यात जिप्सम घालून दळलं की सिमेंट. एक टन क्लिंकरमागे नुसत्या दगडातून अर्ध्या टनाहून थोडा अधिक कार्बन डायऑक्साइड निघतो आणि कोळसा जाळल्याचा आणखी साधारण तीन दशांश टन. माणसाच्या उद्योगांमुळे जगभर जो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, त्यातला सात ते आठ टक्के सिमेंटचा आहे.

दगडातून निघणाऱ्या वायूकडे मला तुमचं लक्ष वेधायचं आहे. उद्या भट्टी सौर ऊर्जेवर किंवा हायड्रोजनवर चालली तरी तो अर्धा टन निघणारच. तो दगडाच्या रसायनातच आहे. वीजनिर्मितीला कोळशाऐवजी सूर्य मिळाला, गाड्यांना बॅटरी मिळाली, पण चुनखडीला असा सोपा पर्याय नाही. म्हणून निघालेल्या वायूतला काही भाग त्याच सिमेंटला परत देता येईल का, हा विचार इतका महत्त्वाचा ठरतो.

हा वायू क्युरिंगमध्ये, म्हणजे ताजं काँक्रीट नीट घट्ट होऊ देण्याच्या कामात, कसा येतो हे समजायला क्युरिंगच नीट समजून घ्यायला हवं. काँक्रीट वाळून घट्ट होतं असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात ते पाणी घेऊन घट्ट होतं. सिमेंटच्या कणात कॅल्शियम सिलिकेट असतात. पाण्याशी त्यांची रासायनिक क्रिया होऊन एक अतिसूक्ष्म, चिकट जाळं तयार होतं, खडी आणि रेतीला बांधून ठेवतं ते तेच. सोबत सुटा चुनाही तयार होतो. ही क्रिया पहिल्या दिवशी सुरू होते आणि महिने चालते. तिला पाणी कमी पडू नये म्हणून स्लॅब भरला की त्यावर वाफे करून पाणी साठवतात, कॉलमला गोणपाट गुंडाळून सकाळ-संध्याकाळ पाणी मारतात. आपल्या आयएस ४५६ या मानकानुसार साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि फ्लाय अ‍ॅश (कोळशाची उडती राख) किंवा स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) मिसळलेल्या सिमेंटला किमान १० दिवस ओलावा मिळायला हवा. मुंबईतल्या साइटवर मे महिन्यात पाणी येतं टँकरने, आणि गडबडीच्या कामात पहिली काटछाट होते ती या पाणी मारण्यातच. सिमेंटचा पैसा मोजलेला असतो, पण त्याला पूर्ण ताकद मिळू दिलेली नसते. मला याचं फार वाईट वाटतं. क्युरिंग न झालेलं काँक्रीट म्हणजे वाया गेलेलं सिमेंट, आणि वाया गेलेलं सिमेंट म्हणजे उगाच हवेत सोडलेला कार्बन डायऑक्साइड.

आता दुसरी वाट. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात बर्गर, यंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅल्शियम सिलिकेटच्या दाबलेल्या, किंचित ओल्या नमुन्यांवर कार्बन डायऑक्साइड सोडला. नमुने काही मिनिटांतच कडक झाले. पाण्याने जे व्हायला एरवी तासन्‌तास लागतात, ते वायूने मिनिटांत केलं. आत काय होतं? वायू कणाभोवतीच्या पाण्याच्या पातळ थरात विरघळतो, त्याचं सौम्य आम्ल होतं. सिमेंटच्या कणातून कॅल्शियम बाहेर येत असतंच. दोघांची गाठ पडली की चुनखडीचे बारीक स्फटिक तिथल्या तिथे तयार होतात. ते कणांमधल्या पोकळ्या भरतात आणि बंधक जाळ्याला टेकू देतात. परीक्षानळीतली निवळी दुधाळ होते तेच इथे दगडाच्या पोटात होतं.

यात पाण्याचं प्रमाण फार नाजूक असतं. पाणी अजिबात नसेल तर वायू विरघळणार कशात? आणि छिद्रं पाण्याने गच्च भरलेली असतील तर वायू आत शिरणार कसा? पाण्यातून कार्बन डायऑक्साइडचा प्रसार हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी मंद असतो. म्हणून ब्लॉक साच्यातून काढल्यावर काही तास थोडे सुकू देतात, मग बंद खोलीत ठेवतात आणि तिथे वायू सोडतात. काही ठिकाणी नेहमीच्या हवेच्या दाबाला, काही ठिकाणी थोडा दाब देऊन. दोन-चार तासांपासून दिवसभरापर्यंत हे चालतं. क्रियेत उष्णता निघते, ब्लॉक गरम होतात, आतलं पाणी उडून जातं. म्हणून बाहेर काढल्यावर त्यांना पुन्हा पाणी द्यावं लागतं, नाहीतर उरलेलं सिमेंट तसंच राहतं. वायूने पाण्याला पूर्ण सुट्टी मिळते असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. नेहमीच्या सिमेंटला दोन्ही लागतात.

पाण्याने मुळीच घट्ट न होणारं, केवळ कार्बन डायऑक्साइडनेच घट्ट होणारं सिमेंटही आहे. अमेरिकेत न्यू जर्सीच्या रटगर्स विद्यापीठातल्या संशोधनातून सॉलिडिया नावाची कंपनी निघाली. त्यांच्या सिमेंटमध्ये चुन्याचं प्रमाण कमी असतं, त्यामुळे भट्टी १२०० अंशांच्या आसपास चालते आणि दगडातून वायूही कमी निघतो. जपानमध्ये काजिमा आणि इतर कंपन्यांनी मिळून कार्बन डायऑक्साइड शोषणारं काँक्रीट विकसित केलं. त्यात डायकॅल्शियम सिलिकेटचा एक विशिष्ट प्रकार वापरतात. तो पाण्यात वर्षभर ठेवला तरी जवळपास निष्क्रिय राहतो, पण या वायूला चटकन प्रतिसाद देतो. रसायन म्हणून मला हे अतिशय सुंदर वाटतं.

आता मुंबईकराच्या मनात येणारा प्रश्न. काँक्रीटचं कार्बोनेशन झालं म्हणजे इमारत धोक्यात, असं आपण स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये ऐकतो. मग आपणच ते कशाला घडवून आणायचं?

प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचं उत्तर सळईत आहे. ताजं काँक्रीट अत्यंत अल्कलीयुक्त असतं, त्याचा सामू १२.५ ते १३ असतो. त्या वातावरणात लोखंडी सळईवर एक पातळ, संरक्षक थर टिकून राहतो. वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड बाहेरून आत सरकत जातो, सुटा चुना संपवतो आणि सामू ९ च्या खाली जातो. कार्बोनेट झालेल्या भागाची ही रेघ सळईपर्यंत पोचली की संरक्षक थर मोडतो आणि गंज सुरू होतो. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या कितीतरी पट असतं. सळई फुगते, तिच्यावरचा काँक्रीटचा थर, म्हणजे कव्हर, तडकतं, आणि एखाद्या पावसाळ्यात छताचा पोपडा खाली येतो. समुद्राच्या खाऱ्या हवेतले क्लोराइड त्यात भर घालतात.

मुंबई महापालिका अधिनियमाच्या ३५३ब कलमानुसार तीस वर्षांहून जुन्या इमारतींना संरचनात्मक तपासणी करून घ्यावी लागते. त्या तपासणीत काँक्रीटचा ताजा तुकडा फोडून त्यावर फिनॉल्फ्थॅलिन मारतात. आतला निरोगी भाग गुलाबी होतो, बाहेरचा कार्बोनेट झालेला भाग बेरंग राहतो. तुमच्या सोसायटीत ऑडिट होईल तेव्हा समोर उभं राहून पाहा आणि बेरंग पट्टा किती मिलिमीटर आहे ते विचारा. ही रेघ साधारणपणे काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात सरकते. पहिल्या दहा वर्षांत १० मिलिमीटर आत गेली असेल तर २० मिलिमीटर जायला एकूण चाळीस वर्षं लागतील. कव्हर ५ मिलिमीटर जास्त ठेवणं किती मोलाचं आहे, ते या गणितातून कळतं.

म्हणून माझं मत मी स्पष्ट सांगते. कार्बन डायऑक्साइडने क्युरिंग करायचं ते जिथे सळई नाही तिथे. फूटपाथचे पेव्हर ब्लॉक, कर्ब स्टोन, भिंतीचे काँक्रीट ब्लॉक. ही यादी छोटी वाटेल, पण मुंबईच्या फूटपाथांवर, सोसायट्यांच्या आवारांत, स्टेशनांबाहेर किती पेव्हर ब्लॉक आहेत ते एकदा चालता चालता पाहा. हे ब्लॉक सुक्या मिश्रणातून, व्हायब्रेशन आणि दाबाने तयार होतात, म्हणून त्यांच्यात वायूला शिरायला वाट असते. जाडी ६०-८० मिलिमीटर, त्यामुळे वायू मध्यापर्यंत पोचू शकतो. शिवाय ते कारखान्यात बनतात, म्हणजे बंद खोली शक्य आहे. साइटवर भरलेल्या बीमला कुठल्या खोलीत ठेवणार?

आणखी एक फायदा पावसाळ्यात दिसतो. नव्या पेव्हर ब्लॉकवर पांढरे डाग उठतात, लोणा लागल्यासारखे. ब्लॉकमधला सुटा चुना पाण्याबरोबर वर येतो आणि हवेतल्या वायूने पांढरा पडतो. कार्बन डायऑक्साइडने क्युरिंग केलेल्या ब्लॉकच्या पृष्ठभागालगतचा सुटा चुना आधीच चुनखडी झालेला असतो, त्यामुळे हे डाग कमी होतात.

आता हिशेब. या विषयावर बोलणारे अनेकदा इथेच घाई करतात, म्हणून मी सावकाश जाते.

कॅनडाच्या कार्बनक्युअर या कंपनीची पद्धत रेडीमिक्स काँक्रीटसाठी आहे. मिक्सरमध्ये काँक्रीट फिरत असतानाच कार्बन डायऑक्साइड सोडतात. तो अतिसूक्ष्म कॅल्शियम कार्बोनेट होऊन मिश्रणात विखुरतो. मात्रा फार थोडी, सिमेंटच्या वजनाच्या हजारात एक-दोन भाग. त्यामुळे सळईच्या काँक्रीटलाही यात धोका नाही, सामू जवळपास तसाच राहतो. एक घनमीटर काँक्रीटमध्ये ३५० किलो सिमेंट धरलं तर आत गेलेला वायू पाऊण किलोच्याही आत. एवढ्याने काय होणार? पण त्या सूक्ष्म कणांमुळे ताकद थोडी वाढते आणि तेवढं, साधारण पाच टक्के, सिमेंट कमी करता येतं. ३५० किलोचे पाच टक्के म्हणजे साडेसतरा किलो. ते सिमेंट बनवावंच लागलं नाही, म्हणून १४ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघाला नाही. फायदा आहे तो या चौदा किलोंत. काँक्रीटमध्ये वायू साठवला ही बातमी आकर्षक वाटते, पण कमाई वाचलेल्या सिमेंटमधून होते.

बंद खोलीतल्या क्युरिंगमध्ये शोषण बरंच जास्त असतं. सिद्धांताने सिमेंट स्वतःच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास वायू घेऊ शकतं, पण प्रत्यक्षात काही तासांच्या क्युरिंगमध्ये दहा ते वीस टक्के चांगले समजतात. एक घनमीटर ब्लॉकमध्ये २५० किलो साधं सिमेंट आणि शोषण बारा टक्के धरा. ३० किलो वायू परत गेला. ते सिमेंट करताना सुमारे २०० किलो निघाला होता. म्हणजे साधारण सातवा हिस्सा. सातवा हिस्सा कमी नाही, मला तो मोलाचा वाटतो, पण याला कार्बनमुक्त काँक्रीट म्हणता येणार नाही. शिवाय तो वायू पकडायला, शुद्ध करायला, दाबून टाकीत भरायला आणि ट्रकने आणायला वीज आणि डिझेल लागतं. २०२१ साली मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी प्रसिद्ध झालेल्या ९९ प्रयोगांच्या आकडेवारीचा पूर्ण हिशेब मांडला. वायू कुठून आणला यावर अवलंबून, त्यांपैकी ५६ ते ६८ प्रयोगांत एकूण उत्सर्जन कमी होण्याऐवजी वाढलेलं निघालं. एक कारण क्युरिंगसाठी लागणारी ऊर्जा. दुसरं कारण असं की काही मिश्रणांत ताकद घटली, आणि ताकद घटली की सिमेंट वाढवावं लागतं.

हा अभ्यास वाचून काहीजण या तंत्राचा नाद सोडतात. मला त्यातून उलटी दिशा दिसते: वायू जवळून आणा, शुद्ध मिळतो तिथून आणा, आणि ताकद वाढेल असंच मिश्रण निवडा. महाराष्ट्रात पहिल्या दोन गोष्टींची सोय आहे. आपले साखर कारखाने मळीपासून आणि उसाच्या रसापासून इथेनॉल करतात. किण्वनात दर लिटर इथेनॉलमागे साधारण पाऊण किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, तोही जवळपास शुद्ध. सिमेंटच्या धुराड्यातल्या वायूसारखा तो धूर आणि नायट्रोजनमधून वेगळा काढावा लागत नाही. कोल्हापूर, सोलापूर, अहिल्यानगर या पट्ट्यात डिस्टिलरीच्या शेजारी ब्लॉकचा कारखाना उभारला तर वाहतूकच उरत नाही. मुंबईत चेंबूरला खताचा कारखाना आहे. अमोनिया करताना कार्बन डायऑक्साइड वेगळा निघतो, पण तिथे तो युरियासाठी लागतो. जो वायू आधीच कामात आहे तो ओढून आणण्यात अर्थ नाही.

सिमेंटची जागाही दुसरं काही घेऊ शकतं. पेणजवळ डोलवीला पोलाद कारखाना आहे. झोतभट्टीचा स्लॅग दळून आपण सिमेंटमध्ये मिसळतो, त्याला चांगली मागणी आहे. पोलाद करताना निघणारा स्लॅग मात्र वेगळा असतो. त्यात कॅल्शियम सिलिकेट असतात, पण पाण्याने तो नीट घट्ट होत नाही, म्हणून भरावात नाहीतर रस्त्याच्या थरात जातो. हाच स्लॅग कार्बन डायऑक्साइडने घट्ट होतो. कॅनडात मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधनातून आलेल्या कार्बिक्रीट या कंपनीने सिमेंट अजिबात न वापरता स्लॅग आणि या वायूपासून ब्लॉक केले आहेत. इथे सिमेंटचं उत्सर्जनच मुळात नाही, म्हणून शोषलेला वायू खऱ्या अर्थाने जमेच्या बाजूला येतो. मुंबईच्या इतक्या जवळ कच्चा माल असताना हा प्रयोग आपल्याकडे व्हावा असं मला फार मनापासून वाटतं.

एक अडचण आपल्याकडची आहे. परदेशातले बहुतेक प्रयोग साध्या पोर्टलंड सिमेंटवर झालेले आहेत. आपल्या दुकानात मिळणाऱ्या गोणीत बहुधा पीपीसी (पोर्टलंड पोझोलाना सिमेंट) असतं, ज्यात मानकाप्रमाणे १५ ते ३५ टक्के फ्लाय अ‍ॅश. त्यामुळे त्याचं मूळ उत्सर्जन कमी, ही चांगली गोष्ट. पण कॅल्शियमही कमी, म्हणून वायूचं शोषण कमी. वर फ्लाय अ‍ॅशला सुटा चुना हवा असतो, तिचं बंधन त्यावरच उभं असतं, आणि वायूने तो आधीच खाल्ला तर तिला काय उरेल? म्हणून तिकडचे आकडे इकडे जसेच्या तसे उतरवता येत नाहीत. आपल्या सिमेंटवर, दगड फोडून केलेल्या आपल्या रेतीवर, म्हणजे क्रश सँडवर, आपल्या दमट हवेत चाचण्या व्हायला हव्यात. पवईला आयआयटी मुंबईत कार्बन पकडून वापरण्याच्या संशोधनासाठी राष्ट्रीय केंद्र आहे, बंगळूरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतही या दिशेने काम चालू आहे. प्रयोगशाळेत आपण मागे नाही. ब्लॉक पाडणारा छोटा कारखानदार आणि प्रयोगशाळा यांची गाठ मात्र क्वचित पडते.

आणि डेब्रिज. या शहरात पुनर्विकासाने रोज किती काँक्रीट पडतं ते तुम्ही पाहता. जुनं काँक्रीट फोडून त्याची खडी केली तर तिला जुना मसाला चिकटलेला असतो. तो सच्छिद्र असल्याने ती खडी पाणी फार पिते, म्हणून कंत्राटदार ती नको म्हणतात. आयएस ३८३ या मानकाने २०१६ सालापासून अशा खडीला मर्यादित प्रमाणात मान्यता दिली आहे, सळई नसलेल्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत. या खडीवर कार्बन डायऑक्साइड सोडला तर चिकटलेल्या मसाल्याची छिद्रं चुनखडीने भरतात आणि पाणी पिणं कमी होतं. २०१६ सालच्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाचा अंदाज आहे की १९३० ते २०१३ या काळात चुनखडी भाजल्याने जो वायू निघाला, त्यातला सुमारे ४३ टक्के जगभरच्या सिमेंटने, भिंतींनी, प्लास्टरने आणि पाडलेल्या तुकड्यांनी परत शोषला. तुकडा जितका बारीक, तितका पृष्ठभाग जास्त आणि शोषण वेगवान. राबिट, म्हणजे राडारोडा, म्हणून आपण खाडीकाठी नेऊन टाकतो ते खरं तर अर्धवट भुकेलेलं काँक्रीट आहे. मला विचाराल तर मुंबईसाठी या तंत्राचा सर्वांत मोठा उपयोग पेव्हर ब्लॉकपेक्षाही इथे होऊ शकतो.

आता तुमचे प्रश्न.

एका ताईंनी विचारलं आहे की कामगारांना धोका आहे का. आहे, आणि तो कुणी हलका घेऊ नये. हा वायू हवेपेक्षा जड असतो, रंग-वास नसतो, खड्ड्यात आणि जमिनीलगत साठतो. क्युरिंगची खोली उघडण्याआधी ती पूर्ण हवेशीर करायला हवी, आत वायू मोजणारं यंत्र हवं, आणि एकट्या माणसाने आत शिरायचं नाही. ज्या कारखान्यात ही शिस्त पाळता येणार नाही, त्याने हे तंत्र घेऊच नये.

मागून एका काकांचा प्रश्न आहे: आमची इमारत पुनर्विकासाला चालली आहे, बिल्डर म्हणतो ‘ग्रीन काँक्रीट’ वापरणार, आम्ही काय विचारावं? काका, पहिला प्रश्न विचारा की एक घनमीटरमध्ये सिमेंट किती आणि क्लिंकर किती. दुसरा, कार्बन डायऑक्साइड वापरत असाल तर तो मिश्रणात थोडासा सोडणार की तयार भाग वायूच्या खोलीत ठेवणार. मिश्रणात असेल तर घनाकृती नमुन्यांच्या २८ दिवसांच्या ताकदीचे निकाल मागा. तयार भागात सळई असेल आणि तो वायूच्या खोलीत ठेवणार असतील, तर फिनॉल्फ्थॅलिनची चाचणी तुमच्यासमोर करायला लावा आणि सळईभोवती गुलाबी रंग दिसल्याशिवाय तो भाग स्वीकारू नका. आणि काहीही वापरलं तरी दहा दिवस पाणी मारतात की नाही ते वर जाऊन पाहा.

शेवटचा प्रश्न पेव्हर ब्लॉकचा कारखाना असलेल्या एका गृहस्थांचा आहे, सुरुवात कुठून करावी. तुमच्याकडे वाफेच्या क्युरिंगची खोली असेल तर तिची दारं हवाबंद करून घ्या, तपासणारी यंत्रणा बसवा आणि एकाच मिश्रणाचे तीन गट करा: एक पाण्यावर, एक वाफेवर, एक वायूवर आणि नंतर पाण्यावर. आयएस १५६५८ प्रमाणे २८ दिवसांची ताकद आणि पाणी शोषण तपासा. शोषण सरासरी ६ टक्क्यांच्या आत हवं. वायूच्या गटात ताकद जास्त आली तर पुढच्या वेळी त्याच गटात सिमेंट थोडं कमी करून पाहा. गॅसचं बिल आणि वाफेच्या बॉयलरच्या इंधनाचं बिल शेजारी शेजारी लिहा. ब्लॉक वायूत ठेवण्याआधी आणि नंतर वजन करा, पण उडालेलं पाणी वजा करायला विसरू नका, नाहीतर शोषणाचा आकडा चुकीचा निघेल. हे सगळं एका वहीत नोंदवून जवळच्या इंजिनीअरिंग कॉलेजच्या काँक्रीट प्रयोगशाळेत घेऊन जा. अशी वही घेऊन कारखानदार दारात आला तर तिथले प्राध्यापक आनंदाने वेळ देतील.